‘साफ’ या शब्दाचे पाच अर्थ : उघडा पत्रा, गंज आणि अस्तर

१. प्रश्नाचे स्वरूप

भाषेत एका शब्दाने भागते म्हणून त्या शब्दामागची वस्तुस्थितीही एकच असते, असे नव्हे. मोटारींच्या रंगकामात ‘पत्रा साफ करून प्रायमर मारला’ हे वाक्य नित्य ऐकू येते. वाक्य सोपे आहे, बोलणारा बहुधा प्रामाणिक असतो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात संदिग्ध असे काही जाणवत नाही. पण दोन पावसाळे उलटतात, दरवाज्याच्या खालच्या कडेला मसुराएवढे फुगे दिसू लागतात, नखाने दाबताच रंगाचा पोपडा निघतो आणि त्याखाली तांबूस भुकटी आढळते. मग मालक म्हणतो, पत्रा साफ केलाच नव्हता. कारागीर म्हणतो, आरशासारखा लख्ख केला होता. पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. वाद पत्र्याचा नसून ‘साफ’ या शब्दाचा असतो.

रंगाला योग्य असा उघडा पत्रा पाच निरनिराळ्या अर्थांनी साफ असावा लागतो. तो ओशट नसावा. त्यावर गंज नसावा. त्याच्या खड्ड्यांत क्षार दडलेले नसावेत. तो कोरडा असावा. आणि रंगाला पकड मिळेल इतका खरखरीत असावा. या पाच अटी परस्परांवर अवलंबून नाहीत. एक पुरी झाली म्हणून दुसरी आपोआप पुरी होत नाही, आणि डोळ्यांना तर त्यांपैकी फार तर दोनच नीट दिसतात. या पाच अर्थांची फोड करणे आणि प्रत्येक अर्थाची कसोटी कोणती हे स्पष्ट करणे, हा येथील विवेचनाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल मुंबईची प्रीमिअर पद्मिनी ही मोटार घेता येईल. फियाट ११०० या इटालियन गाडीवर आधारलेली ही मोटार कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतूनही ती नाहीशी झाली. जपून ठेवलेल्या अशा गाड्यांचे हौशी मालक आजही आहेत. या गाडीला वेगळा सांगाडा नाही. तिचा पत्र्याचा देह हाच तिचा सांगाडा. म्हणून पत्रा कुजला तर केवळ शोभा जात नाही, गाडीचा आधारच जातो. शिवाय मोटारीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो, आणि गंज काढण्याच्या प्रत्येक खेपेला त्या जाडीतूनच काही अंश वजा होतो. चुकलेले रंगकाम पुन्हा करता येते, परंतु पत्रा प्रत्येक वेळी पहिल्याइतका उरत नाही. खाऱ्या वाऱ्याच्या शहरात हा हिशेब विशेष कडक आहे.

२. ‘गंज चढणे’ आणि ‘गंजणे’

मराठीत गंजासंबंधी तीन प्रकारचे प्रयोग आढळतात. लोखंडाला गंज ‘लागतो’ किंवा ‘चढतो’. गंज लोखंडाला ‘खातो’. आणि लोखंड ‘गंजते’. पहिल्या प्रयोगात गंज हा धुळीसारखा किंवा शेवाळासारखा बाहेरून येऊन बसणारा पदार्थ भासतो. दुसऱ्यात तो वाळवीसारखा एखादा जीव होतो. तिसऱ्या प्रयोगात मात्र लोखंड स्वतःच कर्ता आहे आणि बदलही त्याच्यातच घडतो. शास्त्रदृष्ट्या हा तिसरा प्रयोग सर्वांत खरा होय. गंज ही पत्र्यावर बसलेली वस्तू नव्हे. ती पत्र्याचीच झालेली दुसरी अवस्था आहे. जो ‘चढला’ तो पुसून काढता येईल अशी समजूत पहिल्या प्रयोगाने होते, आणि पुष्कळशा निष्काळजीपणाचे मूळ याच समजुतीत आहे.

ही अवस्था कशी येते हे केंब्रिज येथील यू. आर. इव्हान्स यांनी १९२० नंतरच्या दशकात केलेल्या संशोधनाने उलगडले. लोखंडाच्या सपाट तुकड्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला असता थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू सहज पोचतो, मध्यभागी तो कमी पोचतो. या असमानतेमुळे त्या लहानशा थेंबात एक विद्युत्‌घट तयार होतो. मध्यभागी लोखंड विरघळू लागते आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूमधून कडेकडे जातात. कडेला प्राणवायू व पाणी त्यांचा स्वीकार करतात, आणि दोन्हींच्या मधल्या वर्तुळात गंज साचतो. यातून निघणारा निष्कर्ष वरवर पाहता विपरीत वाटतो. जेथे प्राणवायू कमी, तेथेच धातू अधिक खाल्ला जातो. पत्र्याच्या दुमडलेल्या कडा, दोन पत्र्यांमधील फट, सुटू पाहणाऱ्या रंगाखालची पोकळी या जागा सर्वांत आधी का कुजतात, याचे उत्तर या थेंबात आहे.

गंजाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. विरघळलेले क्षार विद्युत्‌वहन सुलभ करून त्याचा वेग वाढवतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे तो वाढताना वरच्या रंगाला उचलतो. रंगाचा फुगा हे याचेच दृश्य रूप होय. फुगा दिसू लागतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

३. ओशटपणा : न दिसणारा पहिला दोष

‘ओशट’ हा मराठीतील मोठा नेमका शब्द आहे. घासलेले भांडे डोळ्यांना स्वच्छ दिसते, तरी बोट फिरवताच ते ‘निघाले नाही’ असे घरातल्या बाईला कळते. पत्र्याच्या बाबतीत हाच न्याय लागू पडतो. नव्या पत्र्यावर कारखान्यातून लावलेले संरक्षक तेल असते. जुन्या पत्र्यावर मेण, ग्रीस, सिलिकॉनयुक्त पॉलिश आणि हाताचा घाम असतो. घामात तेल आणि मीठ दोन्ही असतात. त्यामुळे उघड्या हाताने चाचपलेल्या पत्र्यावर काही दिवसांनी बोटांच्या ठशांच्याच आकाराचा गंज उमटल्याचे दिसून येते.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम तेल काढावयाचे, मगच घासावयाचे. हा क्रम उलटला तर काचकागद तेलाला ओरखड्यांच्या तळाशी रेटतो आणि मग ते पुसणे दुरापास्त होते. घासून झाल्यावर पुन्हा एकदा तेल काढावे लागते, ते वेगळेच. तेल काढण्याची पद्धत दोन फडक्यांची आहे. एका स्वच्छ फडक्यावर मेण व ग्रीस विरघळवणारा द्रव घेऊन पत्रा ओला करावा, आणि तो द्रव उडून जाण्यापूर्वीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. द्रव आपोआप वाळू दिल्यास विरघळलेले तेल जागच्या जागी परत बसते. केवळ त्याचे वाटप अधिक समान झालेले असते. फडकी वारंवार बदलावयास हवीत, हे त्यातूनच ओघाने येते. रॉकेल किंवा डिझेल या कामी वापरणे चुकीचे आहे, कारण ते स्वतःच तेलकट थर मागे ठेवतात. पेट्रोलमध्ये आगीचा धोका तर उघडच आहे.

या अर्थाने पत्रा साफ झाला की नाही, याची कसोटी सोपी आहे. त्यावर स्वच्छ पाणी सोडावे. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर पत्रा तेलमुक्त आहे. पाणी फाटून थेंब जमू लागले तर तेथे ओशटपणा शिल्लक आहे. पाण्याची ही परीक्षा घासण्यापूर्वी, म्हणजे गंज काढण्याच्या आधीच्या टप्प्यात घ्यावी, आणि पत्रा लगेच पूर्ण कोरडा करावा.

४. लख्ख म्हणजे गंजमुक्त नव्हे

गंज काढण्याची साधने अनेक आहेत : खरवडणी, तारेचा ब्रश, काचकागद, फिरती चक्की, दाबाच्या हवेने मारलेले कण. यांपैकी तारेचा ब्रश सर्वांत फसवा. चक्कीला लावलेला तारेचा ब्रश गंजाचा वरचा सुटा भाग उडवतो, परंतु खड्ड्यांतील घट्ट गंज तो काढत नाही. त्याला घासून चकाकी आणतो. पत्रा लख्ख दिसतो आणि काळपट ठिपक्यांकडे दुर्लक्ष होते. ते ठिपके म्हणजे छाया नव्हे. तोच उरलेला गंज होय. भिंगातून पाहिले असता हे सहज लक्षात येते.

कणांचा मारा खड्ड्याच्या तळापर्यंत पोचतो, म्हणून जाड लोखंडावर ती पद्धत श्रेष्ठ ठरते. मोटारीचा रुंद, सपाट पत्रा मात्र कठीण कणांच्या जोरदार माऱ्याने वाकडातिकडा होतो. बॉनेट वा छत एकदा लाटेसारखे झाले की ते पूर्ववत करणे कठीण. अशा ठिकाणी मऊ कण आणि कमी दाब यांचा अवलंब करावा लागतो. वाळूचा मारा तर आरोग्याच्या दृष्टीनेही त्याज्य आहे. तिच्या सूक्ष्म धुळीने फुप्फुसांचा असाध्य विकार जडतो. चक्की एकाच जागी दाबून धरल्यास निर्माण होणारी उष्णताही पत्र्याला पीळ देते. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने घासताना मुखवटा आवश्यक आहे.

‘किती साफ म्हणजे साफ’ हा प्रश्न औद्योगिक जगालाही शब्दांनी सोडवता आला नाही, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. स्वीडनमध्ये तयार झालेल्या प्रमाणकात पोलादाच्या स्वच्छतेच्या पायऱ्या रंगीत छायाचित्रांनी दाखवल्या गेल्या. त्याच धर्तीवर पुढे १९८८ मध्ये आयएसओ ८५०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाचा पहिला भाग निघाला. कारागिराने समोरचा पृष्ठभाग चित्राशी ताडून पाहावयाचा. याच मालिकेतील ८५०२ हे प्रमाणक धूळ, क्षार, दव अशा डोळ्यांनी न कळणाऱ्या गोष्टींच्या परीक्षांसाठी आहे, आणि ८५०३ हे पृष्ठभागाच्या खरखरीतपणासाठी. म्हणजे ज्या ठिकाणी बोलभाषा ‘साफ’ हा एकच शब्द योजते, तेथे प्रमाणकांना तीन स्वतंत्र ग्रंथ करावे लागले. ही प्रमाणके मुख्यतः पूल, टाक्या, जहाजे अशा जाड पोलादासाठी रचलेली आहेत. परंतु त्यांमागील विवेक पातळ पत्र्यालाही तितकाच लागू आहे.

खरखरीतपणाची अट येथेच पुरी होते. आरशासारखा गुळगुळीत पत्रा रंगाला पकड देत नाही. उघड्या पत्र्यावर एपॉक्सी अस्तर देताना सामान्यतः ८० ते १८० क्रमांकाचा काचकागद वापरतात. नेमका क्रमांक अस्तराच्या उत्पादकाने दिलेला असतो. क्रमांक जितका मोठा तितका कागद बारीक, हे विद्यार्थ्यांना प्रथम उलटे वाटते. क्रमांक चाळणीच्या भोकांच्या दाटपणावरून आलेला आहे हे कळले म्हणजे घोटाळा मिटतो. उघड्या पत्र्यावर हे घासकाम कोरडेच करावे. पाण्याने घासण्याची जी सवय वरच्या थरांना हितकर ठरते, ती येथे गंजाला आमंत्रण देणारी आहे.

५. खड्ड्यांतील क्षार

समजा, तेल गेले आणि डोळ्यांना दिसणारा गंजही गेला. तरी मुंबईसारख्या ठिकाणी काम संपत नाही. समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेले क्लोराइड गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी लोहक्षारांच्या रूपाने साठून राहतात. त्यांचा स्वभाव असा की ते पाणी ओढतात, पाण्याशी संयोग पावून आम्ल निर्माण करतात, ते आम्ल आणखी लोखंड विरघळवते आणि क्लोराइड पुन्हा मोकळेच राहते. ते खर्ची पडत नसल्याने त्याची अल्पशी मात्राही दीर्घकाळ काम करत राहते.

असे क्षार रंगाखाली राहिले म्हणजे दुसराही एक अनर्थ होतो. रंगाचा कोणताही थर पूर्णपणे जलाभेद्य नसतो; बाष्पाचे काही कण त्यातून आत जातातच. थराखाली क्षार असल्यास ते बाष्प तेथे द्रावणाच्या रूपाने जमते आणि आणखी पाणी आत खेचते. लोणच्याच्या फोडीला मीठ लावले की पाणी सुटते, त्यामागेही विरलकडून सांद्राकडे जाणाऱ्या पाण्याचा हाच नियम आहे. रंगावरील पाणीदार फुगे पुष्कळ वेळा याच कारणाने येतात.

क्षार घासून जात नाहीत, धुऊनच जातात. म्हणून खोल गंजलेला भाग घासण्यापूर्वी आणि नंतरही गोड्या, शक्य तर ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन तत्काळ कोरडा करावा लागतो. येथे एक पेच उद्भवतो. धुतल्याने क्षार जातात, पण पाण्याने पत्र्यावर नवा पातळ गंज धरतो. त्यावर उपाय एवढाच की धुणे, गरम हवेने वाळवणे आणि अखेरचे कोरडे घासणे ही कामे सलग व्हावीत. क्षार शिल्लक आहेत का, हे पाहण्यासाठी पोटॅशिअम फेरिसायनाइडच्या द्रावणात बुडवून वाळवलेला कागद किंचित ओलसर पत्र्यावर दाबतात. कागदावर निळे ठिपके उमटले तर विद्राव्य लोहक्षार अद्याप उरले आहेत असे समजावे.

६. आम्ल, फॉस्फेट आणि हिरडा

जेथे साधन पोचत नाही तेथे रसायन पोचते. गंज विरघळवण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल स्वस्त व तीव्र आहे. परंतु ते जे क्लोराइड काढून टाकावयाचे तेच मागे ठेवते. त्यामुळे मोटारीच्या पत्र्याला फॉस्फरिक आम्ल अधिक योग्य. ते गंज विरघळवते आणि उघड्या लोखंडावर लोहफॉस्फेटचा पातळ, राखी थर निर्माण करते. लोखंड फॉस्फेटने सुरक्षित करण्याच्या पद्धतीचे पेटंट टी. डब्ल्यू. कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये ब्रिटनमध्ये घेतले होते. मोटारींच्या कारखान्यांत रंगापूर्वी दिले जाणारे जस्तफॉस्फेटचे स्नान ही त्याच कल्पनेची परिणत अवस्था होय. दिल्लीचा सुमारे सोळाशे वर्षांचा लोहस्तंभ अद्याप टिकून आहे, यामागेही स्फुरदाचा हात आहे. त्या लोखंडातील स्फुरदाच्या अधिक प्रमाणामुळे पृष्ठभागावर लोहफॉस्फेटचा संरक्षक थर जमल्याचे कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले.

या आम्लाचा उपयोग करताना दोन पथ्ये आहेत. ते पत्र्यावर वाळू देऊ नये, आणि काम झाल्यावर उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे धुऊन पूर्ण काढून टाकावे. एपॉक्सी अस्तराचा कठीणक सामान्यतः अमाइन वर्गातील, म्हणजे आम्लारिधर्मी असतो; पत्र्यावर उरलेले आम्ल त्याच्याशी संयोग पावते आणि तळाशी असलेले अस्तर नीट आवळत नाही. वरून कठीण, खालून कच्चे असे अस्तर हाताला पक्के वाटते, पण पोपड्यांनी सुटते. आम्लयुक्त अस्तरावर एपॉक्सी किंवा पॉलिएस्टरची लांबी देऊ नये, या सूचनेमागचे कारणही आम्ल हेच आहे.

‘गंज रूपांतरक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही द्रवांत टॅनिक आम्ल असते. ते गंजाशी संयोग पावून काळे लोहटॅनेट बनवते. हे रसायन महाराष्ट्राला नवे नाही. हिरड्यातील टॅनिन आणि हिराकस यांपासून जी काळी शाई करीत, तिचा काळेपणा याच संयुगाचा. तथापि ‘रूपांतरक’ या नावाचा अर्थ मर्यादित घ्यावयास हवा. द्रव जेथवर मुरतो तेवढ्याच गंजाचे रूपांतर होते. जाड थराच्या तळाशी असलेला गंज तसाच राहतो. म्हणून हा उपाय घासण्याची जागा घेत नाही. घासूनही न निघालेल्या अवशेषांपुरता तो उपयोगी आहे.

७. कोरडेपणा व काळ

नुकताच घासलेला उघडा पत्रा जितका स्वच्छ तितकाच असहाय असतो. त्याच्यावर ना तेल आहे, ना फॉस्फेट, ना रंग. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९३० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून, हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो असे आढळून आले. पृष्ठभागावर मीठ असल्यास ही मर्यादा आणखी खाली येते. मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे उघडा पत्रा रात्रभर ठेवण्याचा अर्थ काय होतो ते कळेल.

कोरडेपणाची कसोटीही हाताने घेता येत नाही. दवबिंदूचा नियम असा की पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सियसने अधिक असावे. हवेचे तापमान २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. अशा सकाळी रात्रीच्या गारव्याने २७ अंशांवर राहिलेला पत्रा कोरडा दिसला तरी रंगाला योग्य नाही. त्याला उबदार केल्यावाचून, किंवा हवा बदलण्याची वाट पाहिल्यावाचून, अस्तर देता येणार नाही. हवेच्या पंपातून फवाऱ्यात जाणारी हवाही अशीच तपासावी लागते; दाबलेल्या हवेतून सुटणारे पाणी व पंपाचे तेल गाळणीने अडवले नाही, तर आतापर्यंतचे सर्व काम एका फवाऱ्यात वाया जाते.

यास्तव कामाची आखणी काळाच्या मापाने व्हावी. एका दिवसात जेवढ्या पत्र्याला अस्तर देणे शक्य असेल, तेवढाच पत्रा त्या दिवशी उघडा करावा. सबंध गाडी एकदम सोलून ठेवणे हे उत्साहाचे लक्षण असेल, विवेकाचे नव्हे.

८. अस्तर की कल्हई?

प्रायमरला मराठीत ‘अस्तर’ म्हणतात. हा फारसीतून आलेला शब्द मूळचा शिंप्याचा. कपड्याचे अस्तर मूळ कापडाला फक्त कडांनी शिवलेले असते. मधल्या भागात ते सुटे राहिले तरी बिघडत नाही. पत्र्याचे अस्तर मात्र कणाकणाने चिकटलेले असावे लागते. या दृष्टीने अधिक सार्थ उपमा कल्हईची ठरेल. कल्हईवाला कथलाला हात लावण्यापूर्वी भांडे वाळूने अथवा राखेने घासून घेई, ते तापवी, त्यावर नवसागर टाकी आणि मगच कथील फिरवी. घासण्याने मळ जाई. तापलेल्या नवसागराने तांब्यावरील ऑक्साइडचा अदृश्य थर जाई. एक कृती दुसरीची जागा घेऊ शकत नाही, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. नवसागर चुकला तर कथील तांब्याला धरतच नसे, आणि ही चूक तत्क्षणी दिसे.

रंगकाराचे दुर्भाग्य असे की त्याची चूक तत्क्षणी दिसत नाही. ओशट, क्षारयुक्त किंवा दमट पत्र्यावरही अस्तर बसते, वाळते आणि चमकते. शिक्षा दोन वर्षांनी मिळते. कल्हईवाल्याला धातूच ताळ्यावर ठेवी; रंगकाराला कसोट्यांनी स्वतःला ठेवावे लागते.

अस्तराची निवडही याच दृष्टीने पाहावी. पूर्वी लोखंडी पुलांना शेंदराचे, म्हणजे शिशाच्या लाल ऑक्साइडचे अस्तर देत. पुढे जस्तक्रोमेट आले. दोन्ही गंजरोधक म्हणून उत्तम, परंतु पहिले विषारी आणि दुसरे कर्करोगकारक असल्याने त्यांचा वापर निर्बंधित झाला. आज उघड्या पत्र्यासाठी दोन घटक मिसळून वापरावयाचे एपॉक्सी अस्तर पुष्कळ ठिकाणी पसंत केले जाते. त्यात गंजरोधक म्हणून अनेकदा जस्तफॉस्फेट असते. याउलट लांबी आणि घासून सपाट करावयाचे जाड पूरक अस्तर हे दोन्ही सच्छिद्र असतात. ते उघड्या पत्र्याचे रक्षण करत नाहीत. उलट पाणी शोषून ते पत्र्याजवळ धरून ठेवतात. म्हणून केवळ राखी रंग दिसला की ‘प्रायमर झाला’ असे मानून गाडी पावसात उभी करणे घातक होय. लांबी एपॉक्सीच्या वर द्यावी की खाली, याबद्दल कारागिरांत व उत्पादकांत दोन पंथ आहेत. परंतु लांबी उघडी राहू नये आणि तिच्या कडेपलीकडचा पत्रा अस्तराविना राहू नये, याबद्दल दुमत नाही.

९. मागची बाजू

येथवरचे विवेचन पत्र्याच्या पुढच्या बाजूचे झाले. पण पद्मिनीसारख्या गाड्यांचे दरवाजे व खालच्या पोकळ पट्ट्या बहुतांशी आतून बाहेर कुजतात. काचेच्या फटीतून शिरलेले पाणी दरवाज्याच्या तळाशी येते. तेथील निचऱ्याची भोके चिखलाने बुजलेली असतात. आतला व बाहेरचा पत्रा जेथे दुमडून एकत्र आणला आहे त्या फटीत पाणी केशाकर्षणाने ओढले जाते. प्राणवायू कमी असलेली ती फट म्हणजे इव्हान्सच्या थेंबाचा मध्यभागच. बाहेरून कितीही निर्दोष रंग दिला तरी या जागी काचकागद पोचत नाही आणि फवाराही पोचत नाही.

म्हणून तेथे उपाय वेगळे आहेत. भोके मोकळी ठेवणे, फटीत वाहून जाईल असे पातळ मेण पोकळीत फवारणे, जोडावर सांधपट्टी भरणे, आणि मेणाचे काम अस्तर व रंग झाल्यावरच करणे. मेण आधी फवारले तर त्याचा अंश पुढच्या बाजूला येऊन तिसऱ्या कलमातील ओशटपणा पुन्हा उपस्थित होतो. येथेही क्रमच कामाचे शहाणपण ठरवतो.

१०. समारोप

वरील पाच अटी एकत्र पाहिल्या असता असे दिसते की त्यांतील प्रत्येकीची कसोटी वेगळ्या इंद्रियाची किंवा वेगळ्या साधनाची आहे. ओशटपणा पाण्याने कळतो, गंज भिंगाने, क्षार निळ्या ठिपक्याने, दमटपणा तापमापकाने, आणि खरखरीतपणा कागदाच्या क्रमांकाने. नुसत्या नजरेला पाचही अर्थ एकच वाटतात, आणि भाषा नजरेचे ऐकून त्यांना एकच नाव देते. यात भाषेचा दोष मानण्याचे कारण नाही. व्यवहाराला जेवढा भेद लागतो तेवढाच ती करते, आणि स्वयंपाकघरात लागला तेथे तिने ‘ओशट’ हा वेगळा शब्द दिलाही आहे. व्यवसाय बदलला की भेद वाढवावे लागतात, हे मात्र व्यवसायातील माणसांनीच ओळखावयाचे असते.

मालकाने कारागिराला ‘पत्रा साफ केला का’ असे विचारण्याऐवजी ‘पाणी फाटले का, निळे ठिपके आले का, पत्रा किती अंशांवर होता’ असे तीन प्रश्न विचारले, तर दोन पावसाळ्यांनंतरचा वाद बहुतेक टळेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या पत्र्याचा कारखाना केव्हाच बंद झाला आहे, त्या पत्र्याची जेमतेम मिलिमीटरभर जाडी आणखी काही वर्षे शाबूत राहील.